रंकाळ्याचं पाणी फोटोत पांढरं का पडतं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या भाषेत मांडून घेतो, म्हणजे उत्तर कशाचं देतोय ते दोघांनाही स्पष्ट राहील. ॲमस्टरडॅमच्या कालव्यांचे फोटो तुम्ही बघितले. घरांचे लाल-पिवळे रंग पाण्यात उतरलेले, मध्येच एखादी खिडकी लाटेवर वाकडी झालेली. तसं काहीतरी आपल्या गावात जमवायचं म्हणून तीन रविवार संध्याकाळी कोल्हापूरच्या रंकाळा तळ्यावर गेलात आणि चौपाटीवरनं पलीकडच्या काठावरच्या शालिनी पॅलेसकडं कॅमेरा लावला. हाती आलं ते वर काळी आकृती आणि खाली पांढरट पाणी. मग एकदा भर दुपारी पंचगंगेच्या घाटावर गेलात, तर तिथं पाणी चहासारखं दिसलं. आता विचारताय की पोलरायझर फिल्टर (लेन्सपुढं लावायची, चकाकी कापणारी फिरती काच) घेतला तर काम होईल का, की कोल्हापुरात कालवेच नाहीत म्हणून हा नाद सोडून द्यावा.

फिल्टरचे पैसे सध्या खिशात राहू देत. आणि कालवे नाहीत हे खरं असलं तरी तुमचं घोडं तिथं अडलेलं नाही. दोन गोष्टी एकदम चुकल्यात. तुमच्या पाण्यात आभाळ फार आलंय, आणि ज्या इमारतीचं प्रतिबिंब मागताय तिच्या तुमच्याकडच्या अंगावर त्या वेळी ऊनच नव्हतं. प्रतिबिंबाचा फोटो म्हटलं की माणूस पाण्याकडं बघत बसतो. मीही पहिली पाच-सहा वर्षं तेच केलं. पाणी कसं दिसणार ते समोरचा काठ ठरवतो, म्हणून आधी काठ बघायचा, त्याच्यावर ऊन कधी येतं ते बघायचं, आणि पाण्याकडं सगळ्यात शेवटी वळायचं.

कालव्यात काय होतं ते बघा. पाणी अरुंद, दोन्ही अंगाला तीन-चार मजली घरं. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन एका बाजूच्या वरच्या मजल्यांवर पडतं आणि खाली पाणी मात्र सावलीत असतं. तुम्ही सावलीतल्या काठावर उभे राहून पाण्यात बघता तेव्हा तिथं आभाळाला जागाच नसते, सगळी समोरची उजळ भिंत. सावलीतलं पाणी म्हणजे काळी पाटी आणि उन्हातली भिंत म्हणजे रंगीत खडू. रंकाळ्यावर याच्या बरोबर उलटं आहे. तळं रुंद, काठ ठेंगणे, वर अख्खं आभाळ मोकळं. पाटी आधीच पांढरी, त्यावर कुठला खडू उठणार?

पाणी सावलीत का हवं, हे जरा खोलात सांगतो, कारण हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं आपोआप सुटतं. पाण्याकडनं डोळ्यात येणारा उजेड दोन प्रकारचा असतो. एक, पृष्ठभागावरनं परतलेला, म्हणजे आपलं प्रतिबिंब. दुसरा, पाण्यात शिरून गाळ-शेवाळाला धडकून परत वर आलेला, म्हणजे पाण्याचा स्वतःचा रंग. गढूळ पाण्यावर थेट ऊन पडलं की दुसरा उजेड एवढा वाढतो की पहिला त्याच्यात बुडून जातो. तुमचा घाटावरचा ‘चहा’ तो हाच. प्रतिबिंब तिथं होतंच, पण त्याच्यावर तांबूस पडदा पडला होता. तेच पाणी सावलीत गेलं की पडदा विझतो आणि प्रतिबिंब वर येतं. म्हणजे पाणी स्वच्छ असलंच पाहिजे असं नाही. मी काढलेली काही चांगली प्रतिबिंबं अशा पाण्यातली आहेत की त्यात हात घालायला सांगितलं तर मी नाही म्हणेन.

आता आकडे. पाण्याकडं सरळ वरनं खाली बघितलं तर उजेडाचा जेमतेम २ टक्के भाग परत येतो. नजर पाण्याशी ४५ अंशांचा कोन करत असेल तरी ३ टक्क्यांच्या आतच. नजर १० अंशांवर आली की साधारण एक तृतीयांश आणि ५ अंशांवर निम्म्याहून जास्त. म्हणून पुलाच्या कठड्यावरनं खाली वाकून बघितलं तर फक्त पाणी दिसतं, आणि घाटाच्या शेवटच्या पायरीवर बसून लांब बघितलं तर देऊळ दिसतं. यातच दुसरीही एक गोष्ट आली. प्रतिबिंब मूळ वस्तूपेक्षा नेहमी काळपट असणार. एक ते दीड स्टॉपचा फरक धरून चाला (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). तो कॅमेऱ्याचा दोष समजू नका.

पोलरायझरची गोष्ट इथंच सांगून टाकतो. माझं स्वतःचं गाढवपण आहे, त्यामुळं कुणाला दोष द्यायचा प्रश्न नाही. नव्वदच्या दशकात एका दिनदर्शिकेसाठी घाटाचे फोटो काढायचं काम मिळालं. रोलचे दिवस, तेही स्लाइड फिल्म, ३६ फ्रेमला हिशेब ठेवून बोट दाबायचं. नुकताच पोलरायझर घेतला होता. फिरवला की आभाळ असं निळंशार व्हायचं की मी त्याच्याच प्रेमात. वरच्या पायऱ्यांवर उभा राहून आख्खा रोल मारला. स्लाइड धुऊन आल्या, आभाळ झकास, झाडं हिरवीगार, आणि पाण्यात काही म्हणजे काही नाही. देवळांखाली एक मातकट पट्टा. पाण्यावरनं परतणारा उजेड बराचसा एकाच दिशेनं थरथरणारा असतो आणि पोलरायझर नेमका तोच अडवतो. नजर पाण्याशी ३७ अंशांच्या आसपास असली तर तो प्रतिबिंब जवळपास पुसून टाकतो. वरच्या पायऱ्यांवरनं जवळच्या पाण्याकडं बघताना माझा कोन त्याच्याच आगेमागे होता. दुसऱ्या दिवशी स्वखर्चानं पुन्हा गेलो.

म्हणून फिल्टर वाईट असंही नाही. तोच पाव फेरा पुढं फिरवला, तर तो प्रतिबिंबाचा उजेड बहुतेक सगळा आत सोडतो आणि पाण्याच्या मातकट रंगातला निम्मा कापतो. गढूळ पाण्यावर एवढ्यानं फरक पडतो, पण बदल्यात एक-दीड स्टॉप उजेड जातो. मी आजही वापरतो, मात्र दहातल्या एका फोटोला. आधी जागा आणि वेळ जमवा, मग घ्या.

वेळेचं कोल्हापूरकराला फार समजावून सांगावं लागू नये. किरणोत्सवाला मावळतीचं ऊन महाद्वारातून आत येतं आणि अंबाबाईच्या चरणांपासून वर चढतं, ते नोव्हेंबरात आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या सांध्यावर. पंधरा दिवस पुढंमागं गेलात तर तीच जागा, तीच वेळ, पण किरण तिथं नाहीत. पाण्याचंही असंच. आपल्याकडं डिसेंबरात सूर्य पूर्वेच्या बराच दक्षिणेला उगवतो, जूनमध्ये उत्तरेला. त्यामुळं ‘अमक्या जागी सकाळी सातला जा’ असं मी सांगितलं तर ते अर्धंच खरं. जागा सांगता येते, तारीख तुम्हीच बघायची.

रंकाळ्यापासून सुरुवात करू. संध्याकाळी चौपाटीवरनं पॅलेस काढायचा म्हणजे सूर्य पॅलेसच्या मागं. काळी आकृतीच येणार. ती हवी असेल तर मजेत काढा, आभाळ केशरी असेल तर तेही चित्र वाईट नाही. पण पॅलेसचा दगड, कमानी, घड्याळाचा मनोरा पाण्यात हवा असेल तर सकाळ गाठा. सकाळचं ऊन तळ्याकडच्या अंगावर पडतं. सूर्य उगवल्यानंतरची पहिली पाऊण घटका सोडा, कारण ऊन झाडांच्या शेंड्यांवरच अडकलेलं असतं. त्यानंतरचा अर्धा-पाऊण तास सोन्याचा. हिवाळ्यात म्हणजे साधारण सव्वासात ते आठ. नऊ वाजले की जमीन तापायला लागते, वारा सुटतो आणि आरसा फुटतो.

वाऱ्याचा अंदाज घ्यायला यंत्र लागत नाही. कडेला चहाच्या टपरीवरची वाफ सरळ वर जात असेल तर पाणी थांबलेलं असणार. वाफ आडवी झाली की चहा घ्या आणि घरी जा. पहाटेच पाणी निश्चल का, तर रात्रभर जमीन गार झालेली असते आणि हवा हलायला कारण नसतं. संध्याकाळीही सूर्य बुडाल्यावर अर्ध्या तासानं वारा पडतो, पण तेवढ्यात चौपाटीवरचे दिवे लागलेले असतात आणि तो वेगळा फोटो होतो.

मोकळ्या तळ्यात आभाळ जास्त येतं, त्याला उपाय एकच. आभाळ कापा. पाण्याचा फक्त तो तुकडा फ्रेममध्ये घ्या ज्यात पॅलेस किंवा झाडं आहेत. लांबची लेन्स लावा, मोबाईल असेल तर दोन पट किंवा तीन पट झूम. सगळा रंकाळा एका फोटोत बसवायची हाव सोडली की निम्मे फोटो सुधारतात. मला स्वतःला पॅलेसपेक्षा तळ्यातला जुना संध्यामठ जास्त आवडतो. काळा दगड, खांब, आणि पाणी चढलं की ते खांब अर्धे पाण्यात. खांब आणि त्यांची प्रतिबिंबं मिळून लांबच लांब काठ्यांसारखी दिसतात, मध्ये रेघ कुठली ते कळत नाही. आबालाल रहिमान यांनी या सगळ्या परिसराची निसर्गचित्रं रंगवली. ती बघायला मिळाली तर पाण्यातला काळोख त्यांनी किती धीटपणे काळोखच ठेवलाय ते बघा. आपण तो एडिटिंगमध्ये उजळायला जातो आणि तिथंच फोटो फिका पडतो.

केंदाळ, म्हणजे जलपर्णी, आलं असेल तर? काही वर्षं येतं, काही वर्षं काढलेलं असतं, त्यावर माझा इलाज नाही. पण केंदाळाच्या मधली मोकळी खिडकी मिळाली तर सोडू नका. हिरव्या चौकटीत काळं पाणी आणि त्यात घड्याळाचा मनोरा, असा एक फोटो माझ्या भिंतीवर आहे.

तुम्हाला हवी ती कालव्यासारखी जागा रंकाळ्याच्या शेजारीच आहे, इराणी खण. गणपती विसर्जनाच्या गर्दीतच आपण ती बघतो, एरवी कुणी वळून बघत नाही. खण म्हणजे दगडाची खाण, त्यामुळं पाणी लहान आणि खाली, काठ वर. कडेचं ऊन आणि पाण्यावर सावली असं गणित तिथं सहज जुळतं. फक्त काठाच्या फार जवळ जाऊ नका, पाणी खोल आहे. विसर्जनानंतरचे काही दिवस टाळा, कारण तेव्हा पाण्यावर काय काय तरंगत असतं ते तुम्हाला माहीत आहे.

आता पंचगंगा, आणि इथं मी जरा रेंगाळणार आहे.

नदीचं पाणी फोटोला कधी मिळतं हे महिन्यावर ठरतं. पावसाळ्यात तांबडं पाणी धावत असतं, राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी याच्याच बातम्या आपण वाचत असतो. तेव्हा घाटाकडं कॅमेरा घेऊन जायचं नाही, हे मी विद्यार्थ्यांना दरडावून सांगतो. पाऊस सरला, पाणी उतरलं, की कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालतात आणि मागचं पाणी थांबतं. नदीचं तळं होतं. बरगे घातल्यानंतर आठ-दहा दिवसांत गाळ खाली बसतो आणि पाण्याचा रंग तांबड्याकडनं काळसर हिरव्याकडं जातो. आरसा तयार. तुम्ही दुपारी गेलात, तेही बहुधा पाणी अजून वाहतं असताना. महिनाभरानं सकाळी त्याच पायरीवर जाऊन बघा.

घाट शहराच्या पश्चिम अंगाला, म्हणजे सकाळचं ऊन गावाच्या पाठीमागनं येतं. पायऱ्या आणि त्यांच्यालगतचं पाणी सावलीत, समोरच्या काठावरची झाडं उन्हात. कालव्याचं गणित इथं जसंच्या तसं मिळतं. समोर चार मजली घरं नाहीत, झाडं आहेत, एवढाच फरक. पाण्यात हिरव्या-पिवळ्या उभ्या रेघा उमटतात आणि त्यांच्यापुढं घाटावरचा एखादा माणूस, गडवा घेतलेला, काळ्या आकृतीत उभा राहतो. देवळं आणि दीपमाळा हव्या असतील तर उलटं. संध्याकाळचं ऊन त्यांच्यावर येतं, आणि तुम्हाला घाटाच्या टोकाला जाऊन काठाला समांतर बघावं लागतं.

शिवाजी पुलाच्या जुन्या दगडी कमानी ही या गावातली सगळ्यात सोपी आणि सगळ्यात फसवी जागा. सोपी यासाठी की कमान आणि तिचं प्रतिबिंब मिळून डोळ्यासारखा आकार होतो, कुणालाही आवडतो. फसवी यासाठी की पाण्याची पातळी फूट-दोन फूट बदलली तरी त्या डोळ्याचा आकार बदलतो, आणि शेजारच्या नव्या पुलानं एका बाजूचा देखावा अडवलाय. जिकडनं नवा पूल आड येत नाही ती बाजू धरा. कमानीच्या पोटात सावली असते, म्हणून तिथलं पाणी सगळ्यात काळं आणि प्रतिबिंब सगळ्यात गडद. मी बहुतेक वेळा पूल सोडून देतो आणि कमानीखालच्या त्या काळ्या पाण्यातला पलीकडचा उजळ काठ तेवढा काढतो.

कोटितीर्थ आणि कळंबा ही तळी आणि जयंती नाला यांच्याबद्दल थोडक्यात. कोटितीर्थ लहान आहे, भोवती वस्ती आहे, सकाळी जाऊन बघण्यासारखं. कळंब्याला रंकाळ्याचाच त्रास, आभाळ फार. जयंती नाला हा आकारानं गावातला खरा कालवा, पण नाक धरून किती वेळ उभे राहणार? आणि पावसाळ्यात हातावर हात धरून बसायला नको असेल तर रस्त्यावरची डबकी धरा. भवानी मंडपासमोर पाऊस थांबल्यावर दहा मिनिटांत जे पाणी साचलेलं असतं, त्यात मंडपाची कमान अख्खी मावते. कॅमेरा पाण्यापासून चार बोटांवर धरावा लागतो, एवढंच.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर: समोरचं उन्हात, पाणी सावलीत, वारा बंद, फ्रेममध्ये आभाळ कमी. हे चार जमले की कुठलाही कॅमेरा चालतो. आता कॅमेऱ्याचं.

उंचीबद्दल एक गोष्ट फार कमी लोक सांगतात. प्रतिबिंब ही वरच्या दृश्याची उलटी नक्कल नव्हे. तुम्ही पाण्याच्या पाच फूट वर असाल, तर पाण्याखाली पाच फुटांवरनं बघणाऱ्याला जे दिसेल ते प्रतिबिंबात दिसतं. म्हणून सज्जाचा खालचा भाग वरच्या दृश्यात दिसत नाही, पण पाण्यात दिसतो. आणि म्हणूनच, इमारत काठापासून मागं सरकलेली असेल तर तुम्ही जितके उंचावर जाल तितका काठ तिला प्रतिबिंबात झाकतो. वरच्या रस्त्यावरनं नुसता कळस पाण्यात दिसतो, पाण्यालगत बसलात तर अख्खं देऊळ. तेव्हा खाली बसा. माझ्याकडं यासाठी जोंधळ्याची पिशवी असते. जुन्या जीन्सच्या पायाची शिवलेली, आत दोन किलो जोंधळे. पायरीवर ठेवायची, तिच्यात कॅमेरा रुतवायचा, हलत नाही. ट्रायपॉड एवढा खाली जातच नाही. मोबाईल असेल तर उलटा धरा, म्हणजे लेन्स खाली, पाण्याजवळ येते.

फोकस पाण्यावर करू नका. प्रतिबिंबाचं अंतर म्हणजे तुमच्यापासून पाणी आणि पाण्यापासून इमारत, या दोन्हींची बेरीज. तरंगणारं पान दहा फुटांवर असेल आणि देऊळ तीनशे फुटांवर, तर पानावर फोकस केला की देवळाचं प्रतिबिंब विरघळतं. कॅमेऱ्याचा ऑटोफोकस हटकून पानच पकडतो. म्हणून फोकस खऱ्या देवळावर लावून तिथंच कुलूप करा, मग फ्रेम खाली आणा. पान आणि देऊळ दोन्ही हवं असेल तर ॲपर्चर (लेन्सचं भोक) एफ ११ च्या आसपास, म्हणजे बारीक, ठेवा, पण मी तरी दोघांतलं एक निवडतो.

शटर किती वेळ उघडं ठेवायचं, याचं उत्तर तुम्हाला काय हवं त्यावर. हलकी लाट गोठवून रंगांचे तुकडे हवे असतील तर १/५०० सेकंद किंवा त्याहून वेगवान. पाणी रेशमासारखं गुळगुळीत हवं असेल तर ट्रायपॉड लावून दोन ते आठ सेकंद, आणि तेही उजेड कमी असताना. मधलं १/३०, १/६० हे मला कधीच मानवलं नाही. धड लाट नाही, धड आरसा नाही. तुम्ही पाठवलेले दोन फोटो त्यातलेच आहेत.

एक्स्पोजर, म्हणजे फोटोला उजेड किती द्यायचा ते, उन्हातल्या भिंतीवर मोजा आणि प्रतिबिंबाला काळपट राहू द्या. मोबाईलवर भिंतीवर बोट दाबून धरा, एक्स्पोजर तिथं थांबेल, मग थोडं खाली ओढा. मोबाईलचा एचडीआर इथं फसवतो. तो वर-खाली सगळं एकसारखं उजळ करतो आणि बघणाऱ्याला काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं. प्रतिबिंब मूळ वस्तूपेक्षा उजळ दिसलं की फोटो खोटा वाटतो. संगणकावर हात मारताना मी वरच्या आणि खालच्या भागात किमान अर्धा स्टॉप फरक ठेवतोच.

तुम्ही अगदी शेवटी विचारलंय की दीपोत्सवाला जाऊ का. जा, आणि पहाटे जा. त्रिपुरारी पौर्णिमेला घाट पणत्यांनी भरतो, पण सगळे जण काळोख असतानाच फोटो काढून मोकळे होतात. काळोखात काय होतं, तर पणत्यांच्या उभ्या सोनेरी रेघा पाण्यात येतात आणि बाकी सगळं डांबर. सूर्योदयाच्या पाऊण तास ते पंचवीस मिनिटं आधी, म्हणजे त्या दिवसांत साधारण सहाच्या सुमाराला, आभाळात निळा उजेड भरतो. त्या वेळी मोकळं आभाळ पाण्यात आलेलं चालतं, उलट हवंच असतं. पाणी निळं, पणत्या पिवळ्या. हा खेळ वीस मिनिटांचा. ट्रायपॉड गर्दीच्या वाटेत लावू नका. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता) ४०० ते ८००, ॲपर्चर एफ ५.६, शटर एक सेकंदाच्या आगेमागे ठेवून सुरुवात करा आणि पडद्यावर ज्योती पांढऱ्याफटक झालेल्या नाहीत ना ते बघा. आणखी एक, पौर्णिमेचा चंद्र सूर्य उगवायच्या वेळी पश्चिमेला मावळत असतो. म्हणजे तुम्ही पणत्यांच्या मागं उभे असाल तर चंद्र बरोबर समोरच्या काठावर, झाडांवर टेकलेला, आणि त्याची रेघ पाण्यातनं तुमच्यापर्यंत आलेली. मागं वळून गर्दीचे फोटो काढणाऱ्यांना तो दिसतच नाही.

घाटावर वागायचं कसं, हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. तिथं बायका धुणं धुवायला येतात, लोक अंघोळीला येतात, रक्षा विसर्जनालाही येतात. पाण्यातला चेहरा हाही चेहराच असतो. ‘मी तर प्रतिबिंब काढत होतो’ हे कुणी ऐकून घेत नाही, आणि घेऊही नये. मी आधी कॅमेरा पिशवीत ठेवून दोन पायऱ्या खाली बसतो, “मावशी, तुमच्या पुढचं पाणी काढू का?” असं विचारतो. बहुतेक वेळा ‘काढ की’ असंच उत्तर येतं, आणि मग ‘ह्यात काय दिसतंय तुला’ म्हणून त्याच पडद्यात डोकावतात.

आणि कोल्हापुरी चप्पल घालून ओल्या पायऱ्यांवर उतरू नका. चामड्याचा तळ शेवाळावर साबणासारखा सरकतो. मी एकदा कॅमेऱ्यासकट बसलोय. मला खरचटण्यावर भागलं, लेन्स पंचगंगेत आहे. रबराचा तळ असलेलं काहीतरी घाला, एक हात नेहमी मोकळा ठेवा.

पुढच्या रविवारी सकाळी सातला रंकाळ्यावर जाऊन एकच काम करा. कॅमेरा न काढता पाणी पॅलेसच्या रंगाचं कुठं दिसतंय आणि आभाळाच्या रंगाचं कुठं, ते काठानं चालत बघा. त्या दोन रंगांची हद्द तुमच्याबरोबर सरकताना दिसेल. जिथं पॅलेसचा रंग सगळ्यात जास्त पाणी व्यापतो तिथं खडूनं खूण करा, आणि त्या जागेवरनं काढलेला फोटो मला पाठवा. एडिट न केलेला.